चपला घालून झोपणारी

एकशे बेचाळीस, ब्याण्णव.
पट्टा सोडला, थोडं थांबले, पुन्हा बांधला.
एकशे चव्वेचाळीस.
लेंगऱ्याच्या उपकेंद्रात मंगळवारी
बारा बायका बाकावर, वैजंता तेरावी.
सातवा महिना. पावलं मळलेल्या कणकेसारखी,
बोट दाबलं की खळगा तिथंच बसून राहतो.

कार्डावरचं सगळं मी विचारते.
घरात कुणाला बीपी? न्हाई.
साखर? न्हाई.
मीठ? सासू म्हणते, आळणीच खाते ओ ही.
झोप?
यावर ती हसली. पहिल्यांदाच.

बाहेर कुणीतरी लोखंडी स्टूल पाडलं.
तिचे खांदे कानापर्यंत आले,
आणि माझ्या नळीत तिचं काळीज
जे धावत सुटलं
ते स्टूल उचलून ठेवलं तरी थांबेना.

मग ती बोलली, पट्ट्याकडं बघत:
"आमचं गलाईचं दुकान व्हतं, सेलमला.
खाली भट्टी, वर माळ्यावर आमी.
रात्री दादा जिना चढायचे.
तिसरी पायरी वाजायची. ती वाजली की
आई मागच्या दाराची कडी काढून ठेवायची.
मी चपला घालूनच झोपायची, ताई,
गोधडीत. सात वर्साची असंन.
पळताना वेळ जाऊ नये म्हणून."

पुढं विचारलं नाही मी. लिहू कुठं?
हिमोग्लोबिनला रकाना आहे,
धनुर्वाताच्या सुईला आहे,
तिसऱ्या पायरीला नाही.

सांगलीच्या ट्रेनिंगला एक मॅडम म्हणाल्या होत्या,
लहानपणी फार भ्यालेलं शरीर
दोन जीवांचं झालं की
कधीकधी जुनी उधारी काढतं.
कधीकधी, म्हणाल्या. सगळ्यांचंच नाही.
मी वहीत उतरवून घेतलं
आणि चहाला गेले.

गलाईवाले दुकानातला केरसुद्धा टाकत नाहीत.
वर्षभर साठवतात, जाळतात, धुतात,
धुळीत गेलेलं गुंजभर सोनं परत काढतात.
हिच्या अंगानं काय साठवलंय
ते कुणी धुऊन बघायचं?

"माज्यामुळं व्हतंय का ओ? लेकराला काय?"
नाही गं!
इतक्या जोरात म्हणाले
की बाकावरच्या सगळ्या वळल्या.

विट्याला चिठ्ठी दिली. आजच जा म्हटलं.
चिठ्ठीच्या पाठीमागं, जिथं काही लिहायचं नसतं,
तिथं लिहिलं:
दार हळू लावावे.
हिला मागून हाक मारू नये.
हात लावण्याआधी सांगावे.
डॉक्टर हसतील, हसू देत.

ती उठली. चपलेत अंगठा शिरेना सुजेनं.
हातात घेऊन निघाली,
दाराशी थांबली,
परत आली, बाकाखाली ठेवल्या.
"असू द्यात हितंच. फुडच्या मंगळवारी न्हेते."

नवरा गाडी चालू करून उभा.
ती अनवाणी उतरली, कठडा धरून,
प्रत्येक पायरीवर थबकत, कान देत.

आमच्या उपकेंद्राला पायऱ्या दोनच आहेत.