ब्राउलिओला या वर्षी तरी

शिंपल्याचं तोंड उघडायला वाफ पुरते,
आमची उघडायला ब्राउलिओ सेइशासचं नाव.

व्हिगो बंदर, सहा नंबरचा पट्टा, रात्रपाळी.
डब्यात बारा शिंपले, पाठीला पाठ लावून,
वरून तांबडं तिखट तेल,
आणि कार्मिन्या छातीठोक सांगतेय, या खेपेला नक्की.
"शेवटच्या पाचांत आहे."
"पाचांत तो चारदा होता."
"म्हणून तर. शरम वाटेल की त्यांना."
माद्रिदला शरम! रेमेदिओस इतकी हसते
की एक डबा अकरावरच पुढे सरकतो.

यंदा तो दीपगृहाचा राखणदार झालाय, आंधळा.
उशीआ म्हणते, आंधळा चालतो,
आंधळा, वेडा नाहीतर राजा,
आणि वीस किलो वजन उतरवलं असतं तर प्रश्नच नव्हता.
पोरीला बावीसावं लागलंय,
कुठल्या साली कोण पडला, किती मतांनी, सगळं तोंडपाठ.
कार्मिन्याला आकडे नकोत.
तिनं सिनेमा तीनदा पाहिला,
तिसऱ्यांदा डोळे मिटून.
"पायऱ्या मोजतो ना तो, एकशे एकोणीस,
आणि शेवटची चुकते.
मुद्दाम चुकवलीय त्यानं.
घरातलं माणूस गेलं की
रोजचीच पायरी चुकते, तशी."
मग कुणी काही बोललं नाही.
तिच्या नवऱ्याला जाऊन वर्ष नाही झालं.

माझं मत कुणी विचारत नाही. मी झाकणं लावते,
तिथल्या खडखडाटात मत द्यायचं तर ओरडावं लागतं,
आणि माझा ब्राउलिओ ओरडून सांगण्यासारखा नाही.
एका जुन्या सिनेमात तो बस चालवतो,
मोजून चार मिनिटं.
एक बाई चढते. तिच्याकडे सुटे नाहीत.
तो तिच्याकडे बघतो, बघतच राहतो,
आणि गाडी सुरू करतो. एक अक्षर नाही.
त्या मौनावर पेपरवाल्यांनी रकानेच्या रकाने भरले.

मी होते त्या बसमध्ये.
तिसरी रांग, खिडकीपाशी, हिरवा कोट माझा स्वतःचा,
दिवसाचे चाळीस युरो आणि एक कोरडं सँडविच.
त्याला वाक्य होतं.
विसरला तो.
थांबा म्हणायचं दिग्दर्शकाला सुचलं नाही,
बस आपली वळणापर्यंत गेली,
आणि आरशात मला दिसल्या त्याच्या कानाच्या पाळ्या,
लालबुंद, शाळेतल्या पोरासारख्या.
एकवीस वर्षं हे पोटात ठेवलंय.
सांगितलं तर त्याचं एक मौन कमी होईल,
आधीच बक्षीस नाही बिचाऱ्याला.
आणि विसरल्यावर गप्प बसणं
तरी कुणाला जमतं?

शनिवारी मुकादमानं पंधरा मिनिटं दिली.
कॉफीच्या यंत्रावर टीव्ही, पाच चौकोनांत पाच चेहरे,
लिफाफा फाडायलाच त्या बाईनं तीन मिनिटं खाल्ली.
सेव्हिलचा कुणी पोरगा निघाला. राजा झाला होता.
"म्हटलं नव्हतं?" उशीआ म्हणाली,
पण जिंकल्यासारखं नाही.

ब्राउलिओ टाळ्या वाजवत होता. हसत होता.
कार्मिन्या उठून पडद्याला नाक लावून उभी,
हातमोज्यांतून पाणी ठिबकतंय:
"हे हसू बघा गं. हे गहाणखान्यातलं.
बायकोचं शिवणयंत्र ठेवून बाहेर पडतो
आणि दारात तीच भेटते, तेव्हाचं."
सगळ्या हसू बघत होत्या.
मी कान.

भोंगा झाला. टोप्या, मोजे, पट्टा.
पुढच्या वर्षी म्हणे तो बहिऱ्या पाद्र्याचं काम करतोय.
"बहिरा चालतो का गं?"
"बघून सांगते," उशीआ म्हणाली.
बारा. बारा. अकरा.
रेमेदिओस, बाई, मोज जरा.