मागची बाजू

बोरा बाजारात आमचं दुकान, बाकड्याएवढं.
ऑगस्ट आणि जानेवारीत झेंडे,
उरलेले दहा महिने उशांचे अभ्रे,
वकिलांचे पांढरे बँड, कुणाची उसवलेली बाही.

शिफा पाचवीत. वडील समोर छत्र्या दुरुस्त करतात.
वही घेऊन आली नि म्हणाली,
मावशी, राज्याचा झेंडा दाखव,
बाईंनी काढून आणायला सांगितलाय.
म्हटलं, नाही.
संपला?
संपला नाही गं. नाहीच आहे.
ताम्हण आहे, शेकरू आहे, हरियाल आहे,
फुलपाखरूसुद्धा आहे नेमलेलं,
झेंडा तेवढा नाही.
तिला पटलं नाही.
शाळेनं विचारलंय म्हणजे असणारच.

मग कपाटाच्या तळातून सासऱ्यांचं कापड काढलं.
गंगाधर माळवदे. मापाला पक्के, बोलायला तुटक.
सत्तेचाळीसच्या जुलैअखेर लोक त्यांच्याकडे
चरख्याचे झेंडे घेऊन उभे:
मास्तर, चक्र बसवून द्या.
नवं कापड कुठून आणणार? कापड रेशनवर.
ते चरखा उसवायचे, दोरा रिळाला गुंडाळायचे,
त्याच जागी निळं चक्र.
हा एक न्यायला कुणी आलंच नाही.

उजेडात धर, म्हटलं.
आऱ्यांच्या मधून सुईची भोकं चमकली,
इथे चाती, इथे मूठ,
एक अख्खा चरखा, नुसत्या भोकांचा.

का काढला?

मोठी माणसं मोठी कारणं सांगतात,
सम्राट, स्तंभ, धर्म, गती.
ती खरीच असतील.
सासरे शिंप्याचं कारण सांगायचे:
चरख्याला मागची बाजू असते.
पुढून मूठ उजवीकडे, मागून डावीकडे,
वारा फिरला की सूत उलटं.
चक्राला मागची बाजू नाही.

पण ते आपोआप होत नाही, पोरी.
दोन चक्रं लागतात, पाठीला पाठ लावून,
आरा आऱ्यावर बसावा लागतो.
दोराभर सरकला तर उन्हात
चोवीसचे अठ्ठेचाळीस होतात.
माझे डोळे यातच गेले.
आता पॉलिस्टरवर छापून येतात, शेकड्यानं,
तिन्ही पट्टे सारखे. यंत्राला चुकत नाही.
मला चुकायचं.
सासरे टेप न लावता सांगायचे,
सूनबाई, हिरवा सुताभर उपाशी राहिलाय.

शिफाला भोकं आवडली. बोटानं चरखा गिरवत बसली.
मग म्हणाली, राज्याचा मीच काढू?
काढ. तीनास दोन ठेव.
आणि मागून बघणाऱ्याचाही विचार कर.

सोमवारी आली ती तावातावानं.
दहापैकी सहा!
दोन कापले, असा झेंडा नसतो म्हणून.
दोन कापले, पान खराब केलं म्हणून,
शाई मागे उमटली.
मुद्दाम उमटवली होती मी, चार वेळा गिरवून.

पान तिनं माझ्यापुढे पालथंच ठेवलं.
गोल काहीतरी. मला भाकरी वाटली,
पण भाकरीला मधून रेघा नसतात. आठ होत्या.
सुलटं करून बघणार,
तेवढ्यात बँड मागायला वकीलसाहेब,
नि ती पान ओढून पळाली रस्त्यापलीकडे.

तिथे तिचे वडील उघडी छत्री डोक्यावर धरून
आतल्या बाजूनं
एकेक काडी तपासत बसले होते.