शून्य बघा

डिसेंबरात पहाटे किल्ली अर्धीच फिरवायची.
डॅशबोर्डवर नारिंगी वेटोळं उजळतं,
ते विझेपर्यंत थांबायचं.
नाही थांबलं तर गाडी खोकते, रुसते,
वरच्या मजल्यावरचे पिंगळे खिडकी लावून घेतात.
थांबलं, तर पोटातून बोलल्यासारखा तो आवाज,
आणि आरशावरचं दव थरथरतं.

एकतीस वर्षं सातपूरला नोझल घासले मी.
केसाहून बारीक भोकातून डिझेल यायचं,
धार नको, थेंब नको,
धुकं होऊन यायला हवं.
टेस्ट बेंचला कान लावून सांगायचो
कुठला पास, कुठला भंगारात.
निवृत्तीला कंपनीनं घड्याळ दिलं.
ते मागे पडतं.

लोक विचारतात, अजून डिझेलच का?
जावयाची गाडी रात्री चार्जरला लावून ठेवतात,
सकाळी निघते ती मांजरीसारखी.
मी त्यांना नांदुरीचा घाट सांगतो:
सहा माणसं, मागे पातेली, शेगडी, नारळाचं पोतं,
तिसरा गिअर
आणि पाय नुसता टेकवलेला.
पेट्रोलला ठिणगी लागते हो.
हे नुसत्या दाबानं पेटतं.
धुराचं म्हणाल तर खरंय.
नळीत बोट घातलं की काजळ निघतं,
नातीला लावण्यासारखं नाही.

माझी एक वही आहे, गाडीतच असते.
डाव्या पानावर गाव, उजव्या पानावर लिटरचा भाव.
रफिक कोकणी मस्कतहून कळवतो,
टाकी फुल्ल करून उरलेल्या सुट्ट्यांत जेवलो म्हणून.
मृण्मयी स्टाव्हँगरला.
म्हणते, बाबा, इथे समुद्राखालून तेल काढतात
आणि पंपावरचा आकडा वाचून आम्ही सायकल काढतो.
साडू लीड्सला, तो मुद्दाम पेन्समध्ये सांगतो.
रियाल, क्रोनर, पेन्स,
सगळ्यांना रुपयात आणून बसवतो मी,
स्वस्त देशाखाली लाल रेघ ओढतो,
जणू उद्या कॅन घेऊन निघायचंच आहे.

परवा त्र्यंबक रोडच्या पंपावर
मंजुळा भोये होती ड्यूटीला.
नाकावर ओढणी, हातात नोझल
(तिचा वेगळा, माझा वेगळा).
शून्य बघा काका, म्हणाली,
आणि सीटवरची वही बघितली.
यात आमचं सुरगाणं आहे का?
नव्हतं.
आमच्या नाल्यापलीकडे गुजरात, ती सांगायला लागली,
तिकडे स्वस्त पडतं, भाऊ तिकडूनच आणतो.
नाल्याला पाटी नाही, काही नाही.
म्हशी दोन्हीकडचं पाणी पितात.

मग मीटरवरची नजर न काढता तिनं विचारलं,
तुमच्या ताईच्या गावात
पंपावर उभं राहणारीला
दिवसाचे किती लिटर पडतात?

रुपये नाही. लिटर.
एकतीस वर्षं मोजमापात काढली
आणि हा रकानाच आखला नव्हता.
तुला किती, मी विचारलं.
तिनं मोकळ्या हाताची बोटं दुमडली.
साडेचार. वडापाव खाल्ला तर चारच्या थोडं वर.

रात्री मृण्मयीला फोन लावला.
ती हसली. अहो बाबा,
इथे पंपावर कोणी उभंच नसतं.
आपलं आपण भरायचं, कार्ड लावायचं, निघायचं.
थंडी फार असते, हात गोठतात.

वहीत तिसरा रकाना आखला.
नाशिकपुढे लिहिलं, साडेचार.
मस्कतचं रफिकला विचारलंय, तो म्हणाला,
आहे एक पोरगा, केरळचा, विचारून सांगतो.
स्टाव्हँगरपुढे पेन टेकवून बसलो,
शाईचा ठिपका झाला,
तो तसाच ठेवला.

काल पुन्हा टाकी भरायला गेलो.
शून्य बघा काका.
मी बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं बहुतेक,
कारण मागच्या पिकअपनं हॉर्न दिला
आणि मंजुळा त्याच्यावर ओरडली,
थांब की रे, पेटतंय का काही?