पट्टा

हेरल्ड उभी असताना शहाणीच दिसते.
साठ्ये म्हणाले, बोपदेव घाट उतरताना
तिसऱ्या वळणावर ही मागून उठली.
उठली म्हणजे?
म्हणजे कुणी शेपटी धरून उचलल्यासारखी.
इलाहीभाईंनी एवढंच विचारलं, पाय काढलात का?
साठ्ये जरा वेळ नाना पेठेतल्या हातगाड्या बघत राहिले.
काढला, म्हणाले.

सगळेच काढतात.
भीती आधी उजव्या तळपायाला कळते.
पाय सुटला की वजन पुढे पळतं,
मागचं अंग हलकं होतं, हलकं झालं की उंच होतं,
आणि एकाच सांध्यावर झुलणारा अर्धा दांडा
खाली लोंबतो,
चाक आत दुमडतं, बसू पाहणाऱ्या शेळीच्या पायासारखं,
मग गाडी स्वतःच्याच पायावर चढते.

हे इलाहीभाई खडूने फरशीवर काढून दाखवत होते.
मी लेथ बंद केला नाही.
मला खडूची गरज नव्हती.
माझा डावा पाय दुसऱ्या वर्षापासून असाच,
वजन आहे तोवर इमानी, वजन सुटलं की आत.
गॅरेजात कॅलिपर म्हटलं की पोरं ब्रेककडे बघतात.
मी गुडघ्याकडे.

आधी ठोकळा केला. पाऊण इंच, पोलादी,
डिफरन्शियल आणि पाट्याच्या मधोमध.
वर काही घातलं की गाडी खाली बसते
हे साठ्यांना पटवायला दोन चहा गेले.
खाली बसली, तशी मागची चाकं वरून आत झुकली,
पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी.
हवा पुढे एकोणीस, मागे चोवीस,
आणि ही उलटी कधी करायची नाही, इलाहीभाईंनी दम दिला,
पंपावरचा पोरगा काहीही म्हणो.

तरी घाटात ती उठलीच.
कमी, पण उठली.

त्या संध्याकाळी कुणी बोलत नव्हतं.
मी म्हटलं, पट्टा घाला.
इलाहीभाई म्हणाले, कुठला पट्टा, शेवंते?
मी पाय पुढे केला.

ससूनमागच्या बोळात हणमंत सातपुते बसतात,
तीस वर्षं माझे पट्टे त्यांनीच शिवले.
चासीपासून चाकाच्या खालच्या टोकापर्यंतचं माप
मी सुतळीला गाठ मारून नेलं.
निव्वळ चामड्याचा नको, मी म्हटलं, ओलं झालं की लांबतं.
ते हसले. हे तू मला सांगतेस?
सीट-बेल्टची दुहेरी पट्टी, घासेल तिथे चामडं, सहा टाके उभे, सहा आडवे.
ढिला किती? त्यांनी विचारलं.
दोन बोटं.
घट्ट बांधला तर चालच जाते,
प्रत्येक खड्डा कमरेत येतो.
सैल सोडला तर आहेच आपलं,
शाळेची पायरी, पाटी, दप्तर, फुटलेली हनुवटी.

रविवारी सकाळी मी मागच्या सीटवर, चाकाच्या वर.
तिसरं वळण आलं.
साठ्यांनी मुद्दाम पाय काढला.
मागचं अंग उठू लागलं, माझ्या पोटात ओळखीचा खड्डा पडला,
आणि माझ्याखाली कुठेतरी
धप्प,
ओल्या सतरंजीवर काठी मारावी तसा आवाज.
चाक तिथेच थांबलं. गाडी थोडी रुसून वळली, पण वळली.
पुन्हा? साठ्ये म्हणाले.
आता पाय ठेवून, इलाहीभाई म्हणाले.
पट्टा आहे म्हणून सवय लावून घेऊ नका.

सासवडला पोहोचेपर्यंत कुणी पट्ट्यांचं नाव काढलं नाही.
भेळ खाल्ली. साठ्यांनी गाडीखाली तीनदा वाकून पाहिलं.

सोमवारी बिल झालं.
ठोकळा, मजुरी, हवा फुकट.
पट्टे दोन, आणि पुढची जागा
इलाहीभाईंनी कोरी सोडलेली. माझ्याकडे बघत नव्हते.
मी पेन घेतलं आणि लिहिलं,
साडेसातशे.
सातपुत्यांचे पाचशे,
माझे मापाचे अडीचशे.