खूण

डंडीत टे नदीच्या पुलावर आगगाडी चढली
की आमच्या तिसऱ्या मजल्याच्या काचा किंचित थरथरतात.
इश्बेलला ते माझ्याआधी कळतं.
कोपराखालचं टेबल सांगतं तिला.

खेळ बनवतो आम्ही, फोनवरचे.
एक कोल्हा विटांवरून उड्या मारत जातो.
तो कुठे अडकतो, ते शोधणं माझं काम.
अकरा वर्षं अडकण्याच्या जागा शोधते आहे,
पगार घेऊन.

सकाळच्या बैठकीत भिंतीवरच्या पडद्यावर
बोललेलं उमटत जातं, इश्बेलसाठी.
यंत्र ऐकतं आणि आपल्या अकलेने लिहितं.
फर्गस म्हणाला, "यशोधरा, तुझं कुठवर आलं?"
पडद्यावर आलं : येस, ओ डारा, तुझं कुठवर आलं?
सगळे हसले. मीही हसले, सर्वांत मोठ्याने.
(सवय आहे. आपल्यावरचं हसू आपणच आधी उचललं
की जरा हलकं लागतं.)

इश्बेल हसली नाही.
तिने कागद सरकवला : नीट कसं लिहायचं?
ज्यांना ऐकू येतं त्यांच्यापैकी
कुणी विचारलं नव्हतं कधी.
मी लिहून दिलं. तिने ते यंत्राला शिकवलं,
आणि कागद परत आला, खाली दोन ओळी वाढून :
बोलताना तू खिडकीकडे बघतेस.
तुझे ओठ मला दिसत नाहीत. चार वर्षं झाली.

चार वर्षं.
आणि मी समजत होते, उंबऱ्याबाहेर
मी एकटीच उभी आहे.

मार्चमध्ये सौमित्र आला. हुशार, लाघवी.
बैठकीआधी माझ्याशी मराठीत बोलला,
जीव सुखावला, खोटं कशाला बोलू.
मग पाचव्या-सहाव्या वाक्याला तो तिथे पोचला
जिथे पोचतातच :
"आडनावावरून काही कळत नाही हो.
म्हणजे तुम्ही मूळच्या... नक्की कोण?"

पडदा चालूच होता.
यंत्राने लिहिलं : आवाज नाही.

कंपनीच्या अर्जात चौकोन पुष्कळ आहेत,
वंशाचा, धर्माचा, वयाचा, कुणावर प्रेम करता त्याचाही.
या प्रश्नाला चौकोन नव्हता.
मी म्हणाले, "टेस्टर आहे मी."
तो हसला. मी नाही हसले. पहिल्यांदाच.

इश्बेलने पडदा वाचला, मग माझा चेहरा.
पडद्याचं तिला पटलं नाही.

दुपारी नदीकाठी, वारा वही उलटवत असताना
मी तिला लिहून सांगितलं. सात पानं लागली.
सातव्यावर शाळेचा हजेरीपट होता,
माझ्या नावापुढे तांबड्या शाईची फुली,
शिष्यवृत्तीवाल्यांची खूण.
गुरुजी नाव घेत, वर्ग वळून बघे.

तिने वही मिटली. बराच वेळ काही नाही.
मग दोन बोटं कानाशी नेऊन
दोनदा टकटक केल्यासारखं केलं.
मला कळेना.
विचारात असले की मी पेनचं टोपण
कानाशी असं दोनदा वाजवते म्हणे.
मला ठाऊकच नव्हतं.
"हे तुझं नाव," तिने लिहिलं.
"आमच्यात खुणेनं नाव ठेवतात. आधी माणूस नीट बघावा लागतो."

त्याला आडनाव नाही.

फर्गसला मी सगळं सांगितलं, इंग्रजीत, खिडकीकडे पाठ करून.
त्याचे कान लाल झाले. म्हणाला, चौकोनाचं एडिनबरोला विचारतो.
विचारतोच आहे.
खुर्च्या मात्र गोल मांडल्यात आता,
बोलायचं तर हात वर करायचा, एका वेळी एकाने,
आणि दिव्याकडे तोंड करून.
बैठक लांबते. कोल्हा उशिरा बाजारात जाईल.

काल सौमित्रने हात वर केला,
मग मला बोलावलं : कानाशी दोन बोटं,
दोनदा, चुकीच्या हाताने.
कुणी शिकवलं, विचारलं नाही मी.
त्याने तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही.
मी उत्तर दिलेलं नाही.

गाडी पुलावर चढली.
या वेळी टेबल
मलाही कळलं.