सोळा तासांचा दिवस

पहाटे साडेचारला हातोदच्या शेडमध्ये
आम्ही दिवस सुरू करतो.
सूर्याला विचारत नाही.
अंडी घालायची तर कोंबडीला सोळा तास उजेड हवा,
त्यातला सूर्य देतो तेवढा फुकट,
उरलेल्याचं बिल येतं.

एकशे वीस बल्ब, साठ वॅटचे.
भुशाची धूळ आणि माशांचे ठिपके बसून
निम्मा उजेड काचेच्या आतच राहायचा.
नानसिंग दर रविवारी शिडी लावून
एकेक पुसत जायचा,
शेवटच्या ओळीला पोचेतो
पहिली ओळ पुन्हा आंधळी.
मे महिन्यात तर मी पंख्यांना पैसे द्यायचे
बल्बांनी तापवलेलं निववायला.

बँकेतले साहेब भले होते.
म्हणाले, कोंबड्यांवर देतो, शेडवर देतो,
उजेड कसा जप्त करणार, मॅडम?
मी चहा पिऊन निघाले.

मग कंपनीचा माणूस आला.
दारातल्या औषधाच्या पाण्यात
चकचकीत बूट बुडवायला त्याच्या जिवावर आलं.
दिवे आमचे, म्हणाला, तुम्ही एक पैसा घालू नका,
वाचलेल्या बिलात सत्तर टक्के आमचे, पाच वर्षं.
तो गेल्यावर मी अंड्याच्या ट्रेच्या पाठीवर हिशोब मांडला.
दिवे दीड वर्षात फिटत होते.
पुढची साडेतीन वर्षं
मी त्याच्या बुटांना पॉलिश करणार होते.

रामबागेतल्या पतपेढीत किबेबाईंनी
तीन वर्षांची बिलं पुढ्यात पसरली,
उन्हाळे एका बाजूला, हिवाळे एका बाजूला.
हप्ता झेपेल का, हे त्यांनी नंतर विचारलं.
आधी विचारलं,
दिवा गेला तर बदलून कोण देणार?
लिहून घेतलंय?
नव्हतं घेतलं. घेऊन परत गेले.
साठ हजार, बारा महिने.

वीस कमी पडत होते.
भिशीची चिठ्ठी निघाली मंदाताई रिसबुडांची.
त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं:
माझा गुडघा मार्चपर्यंत थांबेल,
तुझ्या कोंबड्या थांबायच्या नाहीत.

मुनव्वरने नमुन्याचे दहा दिवे लावले, स्वस्तातले.
लख्ख उजेड. मी खूश.
कोंबड्या मात्र भिंतीला चिकटून,
एकमेकींच्या पाठी टोचत.
त्याने मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरला.
पडद्यावर काळे पट्टे धावत होते.
दीदी, हमको नहीं दिखता,
इनको दिखता है.
थरथरणारा उजेड.
सगळे उतरवले. महागाचे आणले,
पिवळसर, बंद टोपणाचे, नऊ वॅटचे,
आणि हळूहळू मावळणारे.

हे मावळणं मी हिशोबात धरलंच नव्हतं.
आधी रात्री साडेआठला नानसिंग खटका दाबायचा
आणि अंधार वरून कोसळायचा,
जी जिथे असेल तिथेच अडकायची,
कुणी पाण्याच्या भांड्यात एक पाय घालून.
आता पंधरा मिनिटं उजेड उतरत जातो.
त्या बोलत बोलत दांडीवर चढतात,
सरकून जागा करतात,
आणि एकेक आवाज कमी होतो.
मी कामं टाकून दारात उभी राहते.

उतरवलेले बल्ब ठेवायला दुसरं काही नव्हतं
म्हणून अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले.
नेमके बसले. चार ट्रे भरले.
नानसिंगने एक मागितला:
त्याच्या पोरीने खोक्यात सात पिल्लं पाळलीयत,
त्यांना ऊब लागते.
चालणारे तीन दिले.

पहिलं बिल आलं.
चौसष्टशे वाचले, पंचावन्नशे हप्त्याला गेले.
नऊशे मंदाताईंच्या नावाच्या पाकिटात.
गुडघ्याला अजून बरेच महिने आहेत,
मी पाकिटावर तारीख घातली
आणि घड्याळाकडे पाहिलं.
आठ पंधरा.
उजेड उतरायला लागला होता.