तळटीप, पान दोनशे अकरा

ग्रिम्सबी, चर्चमागचा हॉल, मंगळवार, संध्याकाळचे सात.
हीटर खडखडतोय, आणि मॉरीन ओल्ड्रॉइड
फळ्यावर दोन रकाने आखते :
होकारात समबडी,
प्रश्नात आणि नकारात एनीबडी.
सोपं आहे, ती म्हणते, बसच्या वेळापत्रकासारखं.
(बस डेपोत तीस वर्षं तिने तेच केलं.)

सेलामावितच्या बोटांना हॅडॉकचा वास,
तीनदा साबण लावूनही.
दिवसभर मासे बर्फात रचून ती येते
आणि बसण्याआधी ऑफिसच्या खिडकीशी विचारते,
‘डिड समबडी कॉल फॉर मी?’

‘एनीबडी,’ मॉरीन सुधारते. ‘प्रश्न आहे ना.’
‘एनीबडी,’ सेलामावित म्हणते, शहाण्या मुलीसारखी.
पुढच्या मंगळवारी पुन्हा समबडी.

दाराजवळ बसणारा हेमिन, कुर्दी न्हावी, हात वर करतो :
बडी म्हणजे अंग ना? मग नोबडी म्हणजे
अंगच नसलेला माणूस?
सगळे हसतात.
सेलामावित शब्द वहीत तोडून लिहिते. नो. बडी.
मधे बोटभर जागा.
शोधपथकाच्या पत्रातही एवढीच जागा होती.
भावाचं नाव यादीत होतं.
नाव बुडाली.
पुढचं त्यांनी दोन शब्दांत लिहिलं होतं, सुटं सुटं.

रात्री मॉरीन घराचं कुलूप काढते,
सवयीने हाक देते, एनीबडी होम?
मांजर मानही वर करत नाही.
आठ वर्षं झाली. उत्तर पाठ आहे तिला,
म्हणून तर एनी.

हे तिला जिन्यात सुचतं, चौथ्या पायरीवर.
कोट न काढताच ती जुनं व्याकरण शोधून काढते.
तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात :
विचारणाऱ्याला होकाराची आशा असेल
तर प्रश्नातही सम चालतं.

(माझ्या भाषेत तिथे नुसतं ‘तरी’ लागतं.
कुणी, आणि मग तरी.
सगळं कळून चुकलंय,
तरी.)

मंगळवार. समुद्रावरून आडवा वारा, दार लागत नाही.
सेलामावित खिडकीशी : ‘डिड सम…’
जीभ चावते. आठवते. एनी म्हणायला तोंड उघडते.

‘राहू दे,’ मॉरीन म्हणते, ‘तुझंच बरोबर होतं,’
आणि निरोपांची वही,
दुपारीच पाहिलेली, कोरी,
पुन्हा उघडून एकेक ओळ बोटाने बघत जाते.